अठ्ठावीस टक्क्यांचा पक्षी

यवतमाळच्या कुठल्याही जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस उतरला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. उरतो तो कचरा. रुईच्या गठाणी बांधल्या जातात. त्यांच्या धाग्याची लांबी मोजली जाते, त्यांना भाव फुटतो. याच रुईसाठी इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत रूळ टाकले गेले. लोक ज्या गाडीला प्रेमानं ‘शकुंतला’ म्हणतात, ती मुळात कापूस वाहून नेण्यासाठी सुरू झालेली गाडी. सरकीच्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नाही. ती जवळच्या तेल गिरणीत जाते, तेल निघतं, ढेप उरते आणि संध्याकाळी भिजवून गोठ्यात म्हशीपुढे ठेवली जाते.

पण वजनात पाहिलं तर कापसाचा दोन तृतीयांश हिस्सा सरकीचाच असतो, आणि तिच्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग प्रथिन असतं. म्हणजे एका क्विंटल कापसामागे बारा-तेरा किलो प्रथिन यवतमाळच्या शेतातून आपोआप बाहेर पडतं. तेवढंच प्रथिन सोयाबीनच्या पेंडेतून मिळवायचं झालं तर सत्तावीस किलोच्या आसपास पेंड विकत आणावी लागेल. इतकं प्रथिन दारात पडलेलं असताना कुक्कुटपालन करणारा माणूस सोयाबीनच्या पेंडेचे भाव बघत का बसतो, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. उत्तर शोधण्यासाठी मी मुद्दाम टर्की हा पक्षी निवडला आहे. पाळीव पक्ष्यांमध्ये प्रथिनाची सर्वात कडक मागणी याची असते. टर्कीच्या पिल्लाला चाललं ते कोंबडीला बहुधा चालेल. उलटं मात्र धरून चालता येत नाही.

टर्की मूळचा मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. तिथून पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व प्राणी आणले, त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा पालटतो, हे बादशहानं आपल्या आठवणींत नोंदवलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांनंतरही महाराष्ट्रात टर्की हा मोठा धंदा झालेला नाही. देशात बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं ‘कारी विराट’ हा वाण तयार केला, तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं ‘नंदनम’ टर्की दिला. पण विदर्भात टर्की दिसतो तो बहुतेक हौसेपोटी, दहा-वीस पक्ष्यांच्या थव्यात. हौसेचा धंदा करायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो खाद्याच्या हिशेबात.

हा हिशेब समजून घेऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ मध्ये पक्ष्यांच्या पोषणगरजांचे तक्ते प्रसिद्ध केले. जगभर अजूनही त्यांचाच आधार घेतला जातो. त्यानुसार टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे खाद्यात २८ टक्के प्रथिन लागतं, पुढचे चार आठवडे २६. नराला बारा आठवड्यांपर्यंत २२, सोळापर्यंत १९, विसापर्यंत १६.५ आणि त्यानंतर १४. ब्रॉयलर कोंबडीची सुरुवात २३ टक्क्यांवर होते, अंडी देणारी कोंबडी सोळा-सतरा टक्क्यांत भागवते. टर्कीची भूक इतकी मोठी, कारण हा पक्षी थोड्या काळात फार मांस बांधतो.

आता मक्यात प्रथिन नऊ टक्क्यांच्या आत-बाहेर आणि सोयाबीनच्या तेल काढलेल्या पेंडेत, म्हणजे बाजारात जिला सरसकट ‘डीओसी’ म्हणतात तिच्यात, ४६ टक्क्यांच्या आसपास. या दोन्ही मिसळून २८ टक्के गाठायचे तर निम्म्याहून थोडी जास्तच डीओसी घालावी लागते. लेअर कोंबडीसाठी पोत्याचा पाचवा हिस्सा पुरतो. डीओसीचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला की लेअरवाल्याला दोन रुपयांचा फटका बसतो आणि टर्कीवाल्याला पाच रुपयांहून अधिक. टर्कीपालनात पर्यायी प्रथिनाचा विषय इतक्या कळकळीनं बोलला जातो, त्याचं कारण हेच.

मग सरकी ढेप घाला की! इथेच पहिली अडचण उभी राहते. आपल्याकडे बहुतांश सरकी टरफलासकट गाळली जाते. अशा ढेपेत प्रथिन २२ टक्क्यांच्या आसपास आणि तंतू वीस टक्क्यांच्या वर असतात. म्हणजे टर्कीच्या पिल्लापुढे मका न घालता पोतंभर नुसती ढेप ठेवली, तरी २८ टक्के गाठता येत नाहीत. शिवाय तंतुमय टरफल पचवायला म्हशीकडे चार कप्प्यांचं पोट आहे. पिल्लाच्या इवल्याशा पोटात टरफल जागा अडवतं आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. सरकी आधी सोलून मग तेल काढलं तर ढेपेतलं प्रथिन चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. एकच दाणा, पण सोलण्याच्या एका पायरीनं त्याची किंमत पालटते.

तरीही चाळीस टक्क्यांची ढेप छेचाळीस टक्क्यांच्या डीओसीची जागा जशीच्या तशी घेत नाही. प्रथिन हा एक पदार्थ नाही. अमिनो आम्लांचे वीसेक प्रकार वेगवेगळ्या प्रमाणात गुंफून ते तयार होतं, आणि त्यांतली काही आम्लं पक्ष्याला स्वतःच्या अंगात बनवता येत नाहीत. पंगतीत वरण संपलं की भाताचं पातेलं कितीही भरलेलं असो, जेवण तिथेच अडतं. टर्कीच्या पंगतीत असं पहिलं संपणारं वरण म्हणजे लायसिन आणि मेथिओनिन ही दोन अमिनो आम्लं. टर्कीच्या पिल्लाला दर शंभर ग्रॅम प्रथिनात साडेपाच ग्रॅमच्या वर लायसिन लागतं. सोयाबीनच्या प्रथिनात ते सहा ग्रॅमहून जास्त असतं. सरकीच्या प्रथिनात चार, भुईमुगाच्या साडेतीनच्या आसपास, तिळाच्या अडीच. आणि सरकी गाळताना उष्णता जास्त झाली तर आहे त्या लायसिनचाही काही भाग जखडला जातो. ढेप प्रयोगशाळेत चाळीस टक्के दाखवते, पिल्लाच्या वजनात मात्र ते चाळीस टक्के दिसत नाहीत.

ही त्रुटी भरून काढता येते. जपानमध्ये १९५६-५८ च्या सुमारास कोरिनेबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूकडून साखरेवर अमिनो आम्लं बनवून घेण्याची युक्ती साधली, आणि आज पोत्यात मिळणारं लायसिन त्याच वाटेनं तयार होतं. टनामागे दोन-तीन किलो लायसिन टाकलं की सरकीची ढेप पुष्कळशी सुधारते. पर्यायी प्रथिनांचा सगळा आधुनिक व्यवहार या दोन-तीन किलोंवर उभा आहे, हे खाद्याच्या पोत्यावरची मोठी अक्षरं सांगत नाहीत.

दुसरी अडचण विषाची आहे. सरकीचा एखादा दाणा घ्या, ब्लेडनं उभा कापा आणि उजेडात धरा. आतल्या फिकट गरात टाचणीच्या टोकाएवढे गडद ठिपके पसरलेले दिसतील. या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. पऱ्हाटीनं ते किडींपासून बचाव करण्यासाठी तयार केलेलं आहे. सरकी खाऊन जनावरं का दगावतात याचा शोध घेताना अमेरिकेतल्या विदर्स आणि कॅरुथ यांनी १९१५ मध्ये हेच द्रव्य दोषी ठरवलं. गॉसिपॉल लोहाला धरून ठेवतं, हृदय आणि यकृतावर परिणाम करतं, नराची प्रजननशक्ती घटवतं. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या.

मग म्हशीला काही का होत नाही? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात गॉसिपॉल प्रथिनांना चिकटतं आणि त्याची धार जाते. लहान वासराचं ते पोट तयार झालेलं नसतं, म्हणून वासराला ढेप जपून द्यावी लागते. पक्ष्याकडे तर ते पोटच नाही. लेअर कोंबडीनं अशी ढेप जास्त खाल्ली तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, पांढरा भाग गुलाबी होतो आणि गिऱ्हाईक अंडं परत करतं. युरोपीय संघानं म्हणूनच वेगवेगळी मर्यादा घातली आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या तयार खाद्यात किलोमागे २० मिलिग्रॅम मुक्त गॉसिपॉल, इतर कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या खाद्यात १००. मांसासाठी वाढवलेल्या टर्कीला त्यामुळे लेअरपेक्षा जास्त मोकळीक मिळते. सरकीच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तिचा विचार व्हायलाच हवा.

गॉसिपॉलवर उपायही साधा आहे. ज्या लोहाला ते धरून ठेवतं, तेच लोह खाद्यात आधी घातलं की गॉसिपॉल तिथेच अडकतं. यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, वापरतात. एका टन खाद्यात १०० ग्रॅम मुक्त गॉसिपॉल असेल तर तितकंच लोह द्यायला सुमारे अर्धा किलो हिराकस लागतं. अट एकच, गॉसिपॉल किती आहे ते आधी मोजलेलं पाहिजे. अंदाजानं टाकलेलं हिराकस कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर लोहाचाच त्रास. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसाचाच अभ्यास करते आहे. तिनं सूक्ष्मजीवांनी आंबवून ढेपेतलं गॉसिपॉल उतरवण्याची पद्धत विकसित केली आहे.

आणखी एक वाट बियाण्याची. ग्रंथीच नसलेली कपाशी १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली होती, पण पानांतलंही गॉसिपॉल गेल्यामुळे किडींनी आणि उंदरांनी तिचा फडशा पाडला. टेक्सासमधल्या भारतीय वंशाच्या कीर्ती राठोड या शास्त्रज्ञानं हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवला. पानांत आणि बोंडांत गॉसिपॉल राहू दिलं, फक्त बियांतलं बंद केलं. ते काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. २००२ मध्ये बीटी कपाशी आल्यापासून विदर्भानं जनुकबदलाच्या बियाण्यावर किती वाद पाहिले, ते इथे सांगायला नको. पण कीड मारण्यासाठी नव्हे तर ढेप सुधारण्यासाठी बियाणं बदलता येतं, हा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही.

गॉसिपॉल निदान मोजता येतं, ओळखीचं आहे. टर्कीला त्याहून मोठा धोका बुरशीचा. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पर्यायी प्रथिनाच्या इतिहासातलं सर्वात महागडं प्रकरण टर्कीच्याच नावावर नोंदलेलं आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं अचानक मरू लागली. पिल्लाची भूक जायची, पंख लोंबायचे, ते सुस्त पडायचं आणि आठवडाभरात मान मागे ताणून, पाय ताठ करून मरायचं. चिरून पाहिल्यावर यकृतात रक्तस्राव आणि सुजलेली मूत्रपिंडं दिसायची. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की मेले. जंतू सापडेना, विषाणू सापडेना, म्हणून या रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. पुढे लक्षात आलं की मेलेल्या पक्ष्यांचे फार्म वेगळे असले तरी खाद्यातला एक घटक सारखा आहे, ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. त्या वेळी तीही एक स्वस्त प्रथिनाचीच सोय होती. पेंडेत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढलेली होती आणि तिनं सोडलेलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली त्याचे अंश निळे आणि हिरवे चमकतात, त्यावरूनच बी आणि जी अशी त्यांची नावं पडली. आज शेंगदाणे, मका, मिरची, दूध या सगळ्यांची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी होते, तिची सुरुवात त्या मेलेल्या टर्कींपासून झाली. १९७४ मध्ये आपल्याच शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसं दगावली. कारण हेच विष.

बदकाच्या पिल्लानंतर या विषाला सर्वात लवकर बळी पडतं ते टर्कीचं पिल्लू. कोंबडी बरंच सोसते. पक्ष्यांच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा म्हणून २० पीपीबीचा आकडा सांगितला जातो, म्हणजे हजार किलो खाद्यात फक्त २० मिलिग्रॅम. इतकं थोडं विष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि शिजवल्यानं पुरतं जात नाही. अवकाळी पावसात भिजलेला कापूस, त्याची ओली सरकी, तिची ढेप आणि ती ढेप पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली, अशी ही साखळी यवतमाळमध्ये सहज जुळते. म्हणून ढेप घेताना तुकडा मोडून आत पाहावं. हिरवट-काळपट झाक, जाळं किंवा कुबट वास आला तर ते पोतं टर्कीच्या शेडकडे नेऊच नये. थोडी ढेप काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ठेवावी, तळाशी रेती-माती बसली तर भेसळ कळते. युरियाची भेसळ मात्र अशी कळत नाही. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. युरियात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावरचा आकडा फुगतो. युरियाची चाचणी वेगळी मागावी लागते, आणि मागावीच.

जिल्ह्यातले बाकीचे पर्याय भराभर पाहू. विदर्भात जवस होतं, त्याच्या ढेपेत प्रथिन तीस टक्क्यांच्या वर जातं, पण तिच्यातलं लिनाटिन हे द्रव्य ब-६ जीवनसत्त्वाला अडवतं आणि पिल्लांची वाढ खुंटते. पिल्लांना ती नकोच. तिळाच्या पेंडेत मेथिओनिन चांगलं आणि लायसिन कमी, सोयाबीनचं नेमकं उलटं, म्हणून दोघांची जोडी छान जमते. अडचण फक्त तिळाच्या भावाची. कपाशीच्या ओळींत तूर असतेच. दालमिलची चुनी थोरल्या पक्ष्यांना ठीक, पिल्लांना अपुरी. मोह आणि करंजाची ढेप जंगलाच्या कडेला स्वस्त मिळते, ती खत म्हणून शेतात घालावी. मोहाच्या ढेपेतल्या सॅपोनिननं पाण्यातले मासे मरतात, यावरून काय ते समजावं.

अझोलाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. प्लास्टिकच्या वाफ्यातलं हे हिरवं शेवाळासारखं नेचं गेल्या काही वर्षांत प्रत्येक शेतकरी मेळाव्यात दाखवलं जातं आणि ‘पंचवीस टक्के प्रथिन’ असं सांगितलं जातं. तो आकडा खरा आहे, पण वाळवलेल्या अझोलाचा. ताज्या अझोलात त्र्याण्णव-चौऱ्याण्णव टक्के पाणीच असतं. म्हणजे एक किलो ओल्या अझोलातून हाती लागतं साठ-सत्तर ग्रॅम कोरडं आणि त्यात पंधरा ग्रॅम प्रथिन. तेवढं प्रथिन तीस-पस्तीस ग्रॅम डीओसीत येतं. अझोला वाईट नाही. टर्कीला हिरवा पाला मनापासून आवडतो आणि मोठ्या टर्कीच्या आहारात लसूणघासासारखा हिरवा चारा अर्ध्यापर्यंत देण्याची शिफारस आहे. त्या हिरव्या चाऱ्यात अझोला बसतो. पिल्लाच्या डीओसीच्या जागी तो बसत नाही, आणि असं सांगून लोकांकडून वाफे करून घेणं बरोबर नाही.

किड्यांचा पर्याय मला अधिक आशेचा वाटतो. खेड्यातली कोंबडी उकिरडा उकरते ती अळ्यांसाठीच, आणि वारुळातली उधई पिल्लांपुढे झाडून टाकायची रीत जुनीच आहे. आता जगभर काळ्या सैनिक माशीच्या अळ्या मुद्दाम वाढवल्या जातात. भाजीबाजारातला ओला कचरा त्या दोनेक आठवड्यांत फस्त करतात. वाळवलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिन असतं. प्रौढ माशी जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे घरमाशीसारखी अन्नावर बसून रोग पसरवत नाही. मॅड काऊ रोगानंतर युरोपीय संघानं २००१ मध्ये पाळीव जनावरांच्या खाद्यातलं प्राणिज प्रथिन जवळपास बंद केलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी कीटकांचं प्रथिन कोंबड्या-टर्कींना आणि डुकरांना पुन्हा खुलं केलं. यवतमाळ, पुसद, वणीच्या भाजीबाजारात रोज सडणारा माल या कामाला लावता येईल. अळ्यांमध्ये चरबी बरीच असते आणि त्या खातील ते अंगात उतरतं, म्हणून कचरा निवडून घ्यावा लागतो, एवढी काळजी पुरे.

गांडूळ मात्र टर्कीला देऊ नका. गांडूळखताचे वाफे गावोगाव आहेत आणि गांडुळात प्रथिन भरपूर असतं, म्हणून हा सल्ला कधी कधी दिला जातो. कोंबडीच्या पोटातल्या एका बारीक जंताची अंडी मातीतून गांडुळाच्या अंगात जातात आणि त्या अंड्यांतून ‘ब्लॅकहेड’ या रोगाचा सूक्ष्म परजीवी टर्कीत शिरतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही. टर्कीचा थवा त्यानं साफ होऊ शकतो. कोंबड्या आणि टर्की एकाच अंगणात ठेवू नयेत असं सांगतात, ते यासाठीच.

आता पुन्हा सोयाबीनकडे. त्याची जागा घेण्याबद्दल इतकं लिहिलं, पण यवतमाळचा शेतकरी कापसाइतकाच सोयाबीनचाही शेतकरी आहे, आणि पर्याय म्हणजे त्याच्या मालाचा स्पर्धक. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं, कुक्कुटपालक हवालदिल झाले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला पहिल्यांदा परवानगी दिली. नवं पीक बाजारात आलं तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर उतरले होते. अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून मका आणि तांदळाचा गाळ, म्हणजे डीडीजीएस, स्वस्तात मिळू लागला आणि त्यानं डीओसीची मागणी खाल्ली. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, काढणीच्या दिवसांत बाजार त्याच्या बराच खाली होता. पक्षी पाळणाऱ्याचा आनंद आणि सोयाबीन पेरणाऱ्याचं दुःख एकाच आकड्यात असतं. माझ्या मते सरकीचं महत्त्व इथेच आहे. आयात पेंड, डीडीजीएस असे पर्याय जिल्ह्याबाहेरून येतात आणि पैसा बाहेर नेतात. सरकी त्याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या वावरातली आहे.

जाता जाता एक सूचना. घरचं सोयाबीन कच्चं भरडून पक्ष्यांना घालू नये. त्यातला ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनाचं पचनच थांबवतो. भाजल्यानं तो जातो, फार भाजलं तर लायसिनही जातं. भरडीवर युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण टाकलं आणि ती लालभडक झाली, तर सोयाबीन अजून कच्चं आहे असं समजावं. नीट भाजलेल्या आख्ख्या सोयाबीनमध्ये ३७-३८ टक्के प्रथिन आणि वर तेलाची ताकद असते. टर्कीच्या लहान थव्याला ते फार उपयोगी पडतं.

हे सगळं लक्षात घेतलं की टर्कीच्या बाबतीत पर्याय ठरतो तो वयावरून. अंड्यातून २८ दिवसांनी बाहेर पडलेलं पिल्लू सुरुवातीला खाद्य ओळखतही नाही. त्याचं लक्ष वेधायला भांड्यात रंगीत गोट्या ठेवाव्या लागतात. पंधरा दिवस पाण्यात थोडं दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं देण्याची शिफारस आहे. या वयात प्रयोग करू नयेत. आठ आठवड्यांपर्यंत चांगली, ताजी डीओसी हाच आधार. त्यानंतर सोललेल्या सरकीची ढेप, मोजलेलं गॉसिपॉल, हिराकस आणि थोडं लायसिन यांच्या बळावर डीओसीचा काही भाग वगळता येतो. सोळा आठवड्यांपुढे, जेव्हा गरज साडेसोळा आणि मग चौदा टक्क्यांवर येते, तेव्हा तूरचुनी, तीळपेंड, हिरवा चारा यांनाही जागा होते. टर्की सर्वात जास्त खातो ते याच वयात, त्यामुळे खरी बचतही इथेच होते.

यात कमी आहे ती एकच गोष्ट, सोललेल्या सरकीची ढेप गावाजवळ मिळत नाही. सरकी ढेपेच्या वायदे बाजाराचं मूळ केंद्र अकोला आहे, जिनिंग यवतमाळ, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, वणीत आहेत, पण गिरण्या सरकी टरफलासकट गाळतात, कारण गोठ्याचं गिऱ्हाईक तेवढ्यावर समाधानी आहे. सरकी सोलणारं यंत्र बसवलं तर टरफल जनावरांना जाईल, तेल जास्त स्वच्छ निघेल आणि चाळीस टक्क्यांची ढेप पक्ष्यांसाठी वेगळी विकता येईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तूर-सोयाबीनच्या प्रतवारीबरोबर हे काम हाती घ्यावं, अशी माझी विनंती आहे. आणि तोवर ज्यांना टर्कीला ढेप घालून पाहायची आहे, त्यांनी आधी नमुना घेऊन नागपूर किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेतल्या पशुपोषण विभागाशी बोलावं आणि प्रथिन, गॉसिपॉल, अफ्लाटॉक्सिन हे तीन आकडे हातात आल्याशिवाय एकही पोतं शेडमध्ये नेऊ नये.